तसबिरीतलं सहावं बोट

जऊळक्याच्या टेशनावर उतरलेल्या माणसानं रस्ता विचारायचं काही कारण नव्हतं, गाव ते केवढं! पण त्या वर्षी, म्हणजे इंग्रजाचं राज्य अजून पक्कं होतं तेव्हा, गाडीतून उतरणारा जो तो एकच विचारायचा, तसबीरवाल्या बाईचं घर कोणतं. हमाल डोक्यावरचं ओझं न उतरवता नुसत्या हनुवटीनं दाखवायचे. ती बैलं सोडलेली दिसतात ना, ते घर.

घरापुढं ही गर्दी. शिरपूरला दर्शनाला आलेले यात्रेकरू वाट वाकडी करून यायचे. बाया लेकरं काखेत मारून उन्हात उभ्या, हातात नारळ, उदबत्तीचा धूर डोळ्यात. कुणाला मूल हवं होतं, कुणाची म्हैस आटली होती. एकाचा तर कोर्टात दावा चालू होता आणि तो तसबिरीपुढं उभा राहून शेजाऱ्यानं बांध कसा कोरला ते तिला पहिल्यापासून समजावून सांगत होता.

घर धरमसिंगाचं. धरमसिंग हा तांडा सोडून टेशनाजवळ येऊन राहिलेला बंजारा. शिरपूर-रिठदकडचा कापूस आपल्या बैलगाड्यांतून टेशनावर आणून टाकायचा त्याचा धंदा. त्याच्या पुढच्या खोलीत त्याच्या वारलेल्या पहिल्या बायकोची, धनीबाईची, रंगीत तसबीर होती. वाशीमच्या सैफुद्दीन पेंटरनं तेलाच्या रंगात काढलेली, जवळजवळ माणसाएवढी. एवढी मोठी तसबीर त्या मुलखात दुसरी नव्हती, म्हणून चमत्काराच्या आधीपासूनच ती नावाजलेली होती. तहसीलचे कारकूनसुद्धा येऊन बघून गेले होते. धनीबाई आरशांची कांचळी, म्हणजे चोळी, आणि लाल फेट्या, म्हणजे घागरा, घालून बसलेली, उजवा हात मांडीवर, दंडापर्यंत पांढरा चुडा. मागं निळे डोंगर, नदी, नदीवर कमानींचा पूल आणि पुलावर नखाएवढी एक बाई.

आणि आता ही तसबीर जागी झाली होती म्हणे. आधी तिच्या भिवया गेल्या. हळूहळू पुसट होत एक दिवस कपाळ साफ. मग मांडीवरच्या हाताला सहावं बोट फुटलं. लोकांनी मोजलं, पुन्हा मोजलं, पोरांना उचलून मोजायला लावलं. पाचच्या शेजारी सहावं, थोडं वाकडं, फेट्याच्या लाल रंगातून वर आलेलं. मान माणसापेक्षा लांब, चेहरा गोरा नि हात सावळे, हेही मग लोकांना दिसायला लागलं. आणि डोळे? खोलीत कुठंही उभे राहा, बाई तुमच्याकडंच बघायची.

हे सगळं लोकांना उलगडून सांगायला अलखगिरी महाराज होते. नसते तर लोकांनी हळहळून तसबीर पेंटरकडं दुरुस्तीला धाडली असती. महाराज मूळचे कुठले ते त्यांनाच ठाऊक. ते म्हणत, मी हिंगोलीला चाललो होतो, पण देवीनं मला जऊळक्याला उतरवून घेतलं. हमाल म्हणत, तिकीट नव्हतं म्हणून मास्तरनं उतरवलं. ते धरमसिंगाच्या दारी पाणी प्यायला आले, तसबिरीपुढं दचकले, आणि तेव्हापासून पाणी, दूध, शिरा, सगळं तिथंच चालू होतं.

"भिवया कशाले असतात?" महाराज मांडी हलवत विचारायचे. "घाम डोळ्यात जाऊ नये म्हून. अन् देवीले घाम येते काय, बच्चा?"

लोक माना डोलवायचे. गावातल्या देवळात जी देवी होती तिच्या भिवया कारागिरानं चांगल्या ठसठशीत कोरलेल्या होत्या, पण ते त्या घटकेला कुणाच्या डोक्यात आलं नाही. डोकी वाकलेली होती.

पुलावरच्या त्या इवल्या बाईबद्दल महाराजांचं सांगणं सगळ्यांत भारी होतं. ती म्हणजे धनीबाईच. वैतरणी ओलांडून परत येतेय. दर अमावास्येला थोडी पुढं सरकते. पूल संपला की ती घरात.

आतल्या दाराआड उभी राहून गोमतीबाई हे रोज ऐकायची. गोमतीबाई धरमसिंगाची दुसरी बायको, रिठदची लेक. महाराजांचा शिरा तीच हलवायची.

ती जळत होती. यात झाकायचं काय? माणसानं सवतीवर जळावं तर ती सवत निदान भांडते, चुकते, म्हातारी होते. ही मेली भिंतीवर बसून तरणीच्या तरणी. तसबीर भिंतीला लागली तेव्हापासून नवं कापड आलं की आधी तसबिरीपुढं, मग तिच्या अंगाला. पहिली भाकर तसबिरीला. धरमसिंग सकाळी आंघोळ करून तसबिरीपुढं उभा राहायचा, कालचं कुंकू ओल्या फडक्यानं पुसायचा, कपाळाला आणि हाताला नवं लावायचा, आणि मग तिच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलायचा. काय बोलायचा ते गोमतीला कधी कळलं नाही. तिच्याशी तो बोलायचा ते बैलांच्या पेंडीबद्दल.

म्हणून ती तसबिरीकडं बघायची. घर झाडताना, दिवा लावताना, पोरीला पाजताना. हिच्यात असं काय आहे, हा एकच प्रश्न. सगळी दुनिया तसबिरीपुढं येऊन डोळे मिटायची आणि गोमती एकटी डोळे फाडून बघायची. कुठला रंग कुठं पातळ लागलाय, पुलाच्या कितव्या कमानीवर ती बाई उभी आहे, सगळं तिला पाठ होतं. अमावास्या आली नि गेली, ती बाई होती तिथंच होती. पण तिला विचारतंय कोण.

मग एक दिवस महाराजांनी भर गर्दीत सहाव्या बोटाचा अर्थ सांगितला. ते बोट वाकडं काहून? तर ते आतल्या दाराकडं रोखलेलं आहे. सगळ्या गर्दीनं तिकडं माना वळवल्या. दारात गोमती, हातात शिऱ्याचं पातेलं.

महाराज म्हणाले, देवी विचारतेय की माझ्या जागेवर ही कोण. पुनवेला ती पूल उतरणार, तोवर जागा मोकळी झाली पाहिजे, नाहीतर या घरात मयत पडेल. आणि पुढची खोली, मागचं कापसाचं कोठार, हे सगळं देवीचं ठाणं म्हणून आपल्या स्वाधीन करावं. शेवटचं वाक्य त्यांनी फार भरकन म्हटलं.

संध्याकाळी धरमसिंग स्वयंपाकघरात आला. त्याची नजर चुलीवर होती.

"सकाळी गाडी जुंपतो. रिठदले जाय."

गोमतीनं विचारलं, "अन् विजयमाला?"

विजयमाला त्यांची पोर, नुकती चालायला लागलेली. ती बापाच्या धोतराला धरून उभी होती.

"ते इथंच राहीन," धरमसिंग म्हणाला. "धनी सांभाळीन तिले."

तो काही वाईट माणूस नव्हता. त्यानं कधी बायकोवर हात उगारला नव्हता. पण मेलेली बाई आपल्या लेकराला न्हाऊमाखू घालेल असं तो शहाणासुरता माणूस बोलून गेला, आणि बोलताना त्याचा आवाजही हलला नाही. एवढं झाल्यावर गोमतीचं जळणं नुसतं सवतीवरचं राहिलं नव्हतं.

ती उठून सासूकडं गेली. रामीबाई, धरमसिंगाची आई, कोपऱ्यात डाळ निवडत बसली होती. या घरात एक गोष्ट दोघींनाच माहीत होती, सासूला आणि सुनेला. गोमती तिला आईसारखं याडी म्हणायची. म्हणाली, याडी, आता तरी बोल. रामीबाईनं सुपातून मान वर केली नाही. म्हणाली, तू आन घेतली होतीस. गोमती म्हणाली, घेतली होती, पण लेकरू सोडून जायची घेतली नव्हती. म्हातारी खडे नसलेल्या डाळीत खडे शोधत राहिली.

सकाळी दारात गाडी जुंपून उभी. सवत जाते कशी ते बघायला गर्दी रोजच्याहून जास्त, पार टेशनच्या लिंबापर्यंत. गोमती बाहेर आली ती एका हातात पोर, दुसऱ्या हातात पितळी थाळी घेऊन. थाळीत अर्धं लिंबू, चुलीतली राख, ओलं फडकं, आणि झाकलेला एक पत्र्याचा डबा. ती महाराजांना म्हणाली, जायच्या आधी माझ्या हातानं एकदा देवीला पुसते. महाराज खूश झाले. लोकांना म्हणाले, बघा, सवतीलासुद्धा बुद्धी झाली.

गोमतीनं पोरीला पुढच्या खोलीत येऊन बसलेल्या सासूच्या मांडीवर दिलं. लिंबू राखेत बुडवलं, आपण पितळेचे देव घासतो तसं. धरमसिंगही सणावाराला तसंच करायचा. देव लख्ख झाले पाहिजेत आणि देवी कुंकवानं डागाळलेली राहू नये, म्हणून लिंबू-राख तसबिरीलाही. रंगाच्या तसबिरीला हे करायचं नसतं हे त्याला कोण सांगणार? त्याच्या घरात देव म्हटलं की तो घासायचाच.

तिनं फेट्याच्या खालच्या कोपऱ्यावर लिंबू फिरवलं, वर फडकं फिरवलं, आणि ते फडकं नवऱ्यापुढं धरलं.

"हे काय हाये?"

"कुंकू," धरमसिंग म्हणाला.

"खाली पायाजवळ कुंकू कोनं लावलं? हा फेट्याचा रंग हाये." मग तिनं कमरेचं दुसरं फडकं काढलं, रोजचं, धुऊन वाळवलेलं, मधोमध काळपट तपकिरी डाग असलेलं. "अन् हे तुमचं रोजचं. कुंकवाचं लाल पान्यात जाते. हे जात नाई. ह्या तुमच्या देवीच्या भिवया. तुमी रोज पुसल्या, म्या रोज विहिरीवर धुतल्या."

कुणीतरी हसलं. महाराज म्हणाले, बाईला वारं लागलंय, दूर करा. पण पुढच्या रांगेतल्या बाया फडकं हातात घेऊन बघायला लागल्या होत्या. फडकं धुणं हा विषय त्यांना चांगला कळत होता. त्या डाग नखानं खरवडून बघत होत्या, आणि एकीनं तर सांगितलंही, कुंकू असं धरून बसत नाही.

गोमतीनं डबा उघडा केला. विलायती बिस्किटाचा जुना डबा, ती त्यात सुया-दोरे नि कांचळीचे आरसे ठेवायची. झाकणावर निळे डोंगर, नदी, कमानींचा पूल. पुलावर नखाएवढी बाई. तिनं झाकण तसबिरीच्या शेजारी धरलं. तोच डोंगर, तोच पूल, ती बाई त्याच कमानीवर. फक्त झाकणावर स्पष्ट दिसत होतं की तिच्या हातात छत्री आहे आणि डोक्याला टोपी.

"पेंटरनं मांगचं सगळं याच्यावरून काढलं. ही मडम हाये. हिले पूल उतरायचाच असता तर या झाकनावर कवाची उतरली असती."

आता मात्र गर्दीत हशा पिकला. दाव्यावाल्या माणसानं झाकण मागून घेतलं आणि दोन्हीकडं आळीपाळीनं बघत राहिला. आठवडाभर आपण आपला बांध एका मडमेला समजावून सांगत होतो, हे त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटलं.

डोळ्यांचं तर तिनं चुटकीत उरकलं. एका म्हाताऱ्याला या भिंतीला उभं केलं, एका बाईला त्या भिंतीला. दोघंही म्हणाले, माझ्याकडं बघते. एक बाई एकाच वेळी दोघांकडं कशी बघेल? ती कुणाकडंच बघत नाही. तसबिरीतलं तोंड धनीबाईच्या एका फोटोवरून घेतलेलं; तो काढताना ती समोर फोटोवाल्याकडं बघत होती, पेंटरनं ते डोळे तसेच उतरवले, म्हणून जो समोर येतो त्याला ते आपल्यावरच लागलेले वाटतात.

महाराजांनी शेवटचा आधार धरला. ठीक आहे, म्हणाले, भिवया पुसल्या म्हणून गेल्या. पण पुसून बोट उगवते काय? पुसलं तर जाते. हे आलं कुठून?

प्रश्न रास्त होता. धरमसिंगानं मान वर केली.

गोमती सासूकडं वळली. रामीबाई नातीला छातीशी धरून बसली होती.  गोमतीनं आपला उजवा हात वर केला, चुडा कोपराकडं सारला, आणि हात तसबिरीतल्या हाताशेजारी टेकवला.

लहानपणी रिठदला बैलाच्या जुवाखाली सापडून तिची करंगळी मोडली होती. ती पहिल्या पेरापासून बाहेरच्या अंगाला वाकलेली होती. तसबिरीतलं सहावं बोट पहिल्या पेरापासून बाहेरच्या अंगाला वाकलेलं होतं. तेवढंच, तसंच.

"हे बोट माहं हाये," ती म्हणाली. "हा हातच माहा हाये. खांदे माहे. मान तेवढी कशीबशी जोडलेली हाये, म्हून लांब."

धरमसिंग तिच्याकडं बघतच राहिला.  मग बोलली ती रामीबाई, बसल्या जागेवरून, नातीच्या डोक्यावर हात ठेवून.

ती सांगत होती तसं सगळ्यांना कळत गेलं. धनी गेली, पोराचं दुसरं लग्न लावलं, पण त्याला अन्न गोड लागेना. धनीचा जत्रेत काढलेला एक फोटो होता, त्यात नुसतं तोंड, तेही बोटाएवढं. म्हातारीनं ठरवलं, मोठी तसबीर करून भिंतीला लावावी म्हणजे त्याचा जीव थाऱ्यावर येईल. हंगामात धरमसिंग गाड्या घेऊन अकोल्याकडं गेला असताना तिनं सैफुद्दीनला बोलावलं. सैफुद्दीन म्हणाला, तोंड काढतो, पण अंग कुणाचं काढू? म्हातारीनं नव्या नवरीला उठवलं, मेलेल्या सवतीचा फेट्या, तिची कांचळी, तिचा चुडा घालून बसवलं. पेंटरनं दिसलं तसं काढलं, वाकड्या करंगळीसकट.

"म्या त्याले म्हनलं," रामीबाई म्हणाली, "माह्या धनीचं बोट वाकडं नव्हतं. सरळ काढ. त्यानं बाजूले सरळ बोट काढलं अन् वाकड्यावर फेट्याचा रंग मारून ते बुजवलं. अन् हिच्याकडून आन घेतली का कोनाले सांगशीन नाई."

म्हणजे बोट उगवलं नव्हतं. ते पहिल्यापासून तिथंच होतं. वरचा पातळ रंग रोजच्या फडक्यानं आणि सणाच्या लिंबानं झिजला, आणि खालचं बाहेर आलं. ते बाहेर यायला लागलं तेव्हा सगळ्यांत आधी दिसलं गोमतीलाच. लाल रंगात पुसटशी सावळी रेघ. तिला काय आनंद झाला होता! सवतीच्या मांडीवर आपलं बुजवलेलं बोट वर येतंय, रोज थोडं थोडं, आणि घासणारा नवरा स्वतः आहे. तिनं मुद्दामच कुणाला सांगितलं नाही. मनात म्हणायची, येऊ दे, एक दिवस त्याला दिसेलच. आणि दिसलं तेव्हा महाराजांनी तिचंच बोट तिच्यावर रोखलं आणि नवऱ्यानं तिला घराबाहेर काढायला घेतलं.

महाराज उठले होते. झोळी शोधत होते. काहीतरी पुटपुटले, की देवीची माया अपरंपार, ती कुणाचाही हात धारण करते. एका बाईनं विचारलं, मग आमचा नारळ कोणाला पोचला? 

रामीबाईनं गाडीवानाला हाक मारली. जुंपलेली गाडी रिकामी कायले सोडतं, म्हणाली, महाराजाले बसव, शिवेपार सोडून ये. गाडीवान फार हसत होता, पण सोडून आला.

गर्दी पांगली. काही बाया जाताना गोमतीची करंगळी हातात घेऊन बघून गेल्या. त्यातल्या एकीनं सवयीनं तिला नमस्कार केला, तेव्हा गोमतीनं तिचा हात खाली दाबला आणि म्हणाली, बाई, नको, यातूनच हे सगळं झालं.

 मग धरमसिंग आत आला. गोमती चुलीपुढं होती. त्यानं तिचा हात धरला आणि नुसता बघत राहिला. इतकी वर्षं रोज सकाळी याच हाताला तो कुंकू लावत होता. तो म्हणाला, "मले वाटे, हात तिचेच हायेत. अगदी तिचेच." आणि रडायला लागला. गोमतीलाही रडू आलं, रागाचं आणि कशाकशाचं. याच हातानं इतकी वर्षं याला भाकर वाढली, तेव्हा यानं एकदाही खाली बघितलं नाही.

तसबीर काढली नाही. गोमतीनंच काढू दिली नाही. कुंकू, लिंबू, फडकं मात्र बंद, आठवड्याला कोरड्या कापसानं नुसती धूळ झटकायची. सैफुद्दीन बोट पुन्हा बुजवून द्यायला तयार होता. गोमती म्हणाली, भिवया काढून दे, बोट राहू दे.

तिचं जळणं गेलं असं मी म्हणणार नाही, तेवढा चमत्कार मलाही जमायचा नाही. दिवाळीला धरमसिंग नवं कापड घेऊन आला आणि कधी नव्हे तो थेट चुलीपाशी येऊन तिच्या हातात ते दिलं. तिनं घडी उलगडून बघितली, पुन्हा घातली, आणि त्याला परत दिली.

"आता दाखवा तिले," म्हणाली. "पन मले आधी दाखवलं, हेही सांगा."

बाकी तुम्ही शहाणे आहात. जगात भिंतीवरच्या बाया जाग्या होतात, दगड दूध पितात, पुतळ्यांना घाम येतो, असं तुमच्याही कानावर येईल, आणि समजावून सांगायला कुणीतरी मांडी घालून बसलेला असेलच. हात जोडायचे तर खुशाल जोडा, पण डोळे उघडे ठेवून. आणि त्याआधी एवढंच विचारा, की हे रोज पुसतं कोण आणि ते फडकं धुतं कोण. जी धुते तिला एकदा बोलू द्या.